एकवीसचा डाव आणि चार सैनिक

दहावीच्या बीजगणितात संभाव्यतेचे प्रकरण आले की पत्त्यांचा कॅट हमखास भेटतो. ५२ पत्ते, चार रंग, प्रत्येक रंगाची १३ पाने. त्यातून एक पान काढले तर ते एक्का असण्याची संभाव्यता किती? बदामाचे असण्याची किती? मुले ४/५२, १३/५२ अशी उत्तरे लिहितात, आपण बरोबरची खूण करतो आणि प्रकरण संपते. प्रत्यक्ष पत्ते वर्गात आणायला मात्र आपल्यापैकी बहुतेक जण बिचकतात. शाळेत पत्ते म्हणजे काय? मुख्याध्यापक काय म्हणतील, पालक काय म्हणतील? ‘झब्बू’ आणि ‘बदाम सात’ घरोघरी चालतात, पण पत्ते म्हटले की जुगाराची सावली सोबत येतेच.

ही सावली खोटी नाही. संभाव्यतेच्या गणिताचा जन्मच जुगाराच्या टेबलाजवळ झाला. सोळाव्या शतकात इटलीतल्या कार्दानो या वैद्याने फाशांच्या खेळांवर एक पुस्तक लिहून ठेवले. ते छापले गेले त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ साली. अर्धवट मोडलेल्या डावातली रक्कम दोघा खेळाडूंत न्यायाने कशी वाटावी, या प्रश्नावर पास्कल आणि फर्मा यांनी १६५४ साली एकमेकांना पत्रे लिहिली. ही हकिगत बहुतेक पुस्तकांत असते. या लेखात आपण त्यानंतर तीनशे वर्षांनी घडलेली एक हकिगत पाहणार आहोत. तिचे नायक मोठे गणिती नव्हेत. ते अमेरिकेच्या लष्करातले चार तरुण होते आणि त्यांच्या हाताशी होती टेबलावरची साधी गणनयंत्रे. त्यांनी सोडवलेला प्रश्न वरवर क्षुल्लक होता: ‘एकवीस’ नावाच्या पत्त्यांच्या खेळात कोणत्या वेळी आणखी एक पान घ्यावे आणि कोणत्या वेळी थांबावे?

खेळ काय आहे?

‘एकवीस’ हा जुना युरोपीय खेळ आहे. सर्वांतेस या स्पॅनिश लेखकाच्या १६१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका कथेत त्याचा उल्लेख येतो. फ्रान्समध्ये त्याला ‘व्हँत-ए-आं’, म्हणजे एकवीसच, म्हणत. अमेरिकेत त्याला ‘ब्लॅकजॅक’ हे नाव पडले. १९३१ साली नेवाडा राज्याने जुगाराला कायदेशीर मान्यता दिल्यावर तिथल्या कॅसिनोंमध्ये तो वाढला आणि आज जगभरच्या कॅसिनोंत खेळला जातो. गोव्यात मांडवीच्या पात्रातल्या जहाजांवरही त्याची टेबले आहेत. महाराष्ट्रात कॅसिनोसंबंधीचा कायदा १९७६ साली झाला होता, पण तो कधी अमलात आला नाही आणि २०२३ साली रद्दच झाला.

नियम सोपे आहेत. दुर्रीपासून दश्शीपर्यंतच्या पानांची किंमत त्यांच्यावरच्या आकड्याइतकी. गुलाम, राणी, राजा यांची प्रत्येकी १०. एक्का १ किंवा ११, खेळाडूला सोयीचे पडेल तसे. रंगाला महत्त्व नाही. खेळाडू आणि पाने वाटणारा कॅसिनोचा माणूस अशा दोघांना प्रत्येकी दोन पाने मिळतात. वाटणाऱ्याचे एक पान उघडे आणि एक पालथे असते. आता खेळाडूने ठरवायचे: आहे त्यावर थांबायचे की आणखी पान मागायचे. पाहिजे तेवढी पाने मागता येतात. पण बेरीज २१ च्या वर गेली की तो बुडाला, त्याची रक्कम तिथेच गेली.

खेळाडू थांबला की वाटणाऱ्याची पाळी. गंमत अशी की त्याला स्वतःचे डोके चालवायची मुभाच नाही. बेरीज १६ किंवा कमी असेल तर त्याने पान घ्यायलाच हवे. १७ किंवा जास्त झाली की थांबायलाच हवे. तो २१ च्या वर गेला तर खेळाडू जिंकला. दोघेही टिकले तर मोठ्या बेरजेचा जय आणि सारखी बेरीज असेल तर बरोबरी. पहिल्या दोन पानांतच एक्का आणि दहाचे पान आले तर ते ‘सहज एकवीस’. त्यासाठी खेळाडूला दीडपट मिळते. याशिवाय दोन पाने पाहून रक्कम दुप्पट करून एकच पान घेता येते, आणि सारख्या दोन पानांची जोडी फोडून दोन वेगळे डावही करता येतात.

आता प्रश्न असा: दोघांना पाने एकाच कॅटमधून मिळतात, सहज एकविसाला खेळाडूला उलट जास्तच मिळते, मग कॅसिनोचा फायदा येतो कुठून?

आधी बुडण्याची शिक्षा

समजा खेळाडूने वाटणाऱ्याची नक्कल केली: १६ पर्यंत पान घ्यायचे, १७ ला थांबायचे. वाटणारा शंभरातून सुमारे २८ वेळा बुडतो. नक्कल करणारा खेळाडूही तितकाच बुडेल. दोघेही बुडण्याचे प्रमाण ०.२८ × ०.२८, म्हणजे सुमारे ८ टक्के. न्यायाने ही बरोबरी व्हायला हवी. पण खेळाडूची पाळी आधी असते, तो बुडताक्षणी त्याची रक्कम उचलली जाते आणि वाटणारा नंतर बुडला तरी ती परत मिळत नाही. कॅसिनोचा सगळा नफा या ८ टक्क्यांत दडला आहे.

त्यातून सहज एकविसाची भर वजा करू. एका कॅटमध्ये ४ एक्के आणि १० किमतीची १६ पाने असतात. पहिल्या दोन पानांत एकवीस येण्याची संभाव्यता २ × (४/५२) × (१६/५१), म्हणजे सुमारे ४.८ टक्के. वाटणाऱ्यालाही त्याच वेळी एकवीस आले तर बरोबरी होते, ते थोडे वगळले तर सुमारे ४.६ टक्के. प्रत्येक वेळी अर्धी रक्कम जादा मिळते, म्हणजे फायदा २.३ टक्के. ८ मधून २.३ गेले की राहतात साडेपाच टक्क्यांच्या आसपास. नक्कल करणारा खेळाडू दर शंभरामागे सरासरी इतके हरतो.

मग दुसरे टोक घेऊ. बुडण्याची भीती वाटते ना? तर १२ किंवा अधिक बेरजेवर कधीच पान घ्यायचे नाही. असा भित्रा खेळाडू स्वतः कधी बुडत नाही, पण १३-१४ वर बसून वाटणारा बुडण्याची वाट पाहतो. त्याचा तोटाही ४ टक्क्यांच्या आसपास येतो. म्हणजे ना नक्कल कामाची, ना भीती. उत्तर मधे कुठेतरी आहे आणि ते वाटणाऱ्याच्या उघड्या पानावर अवलंबून असले पाहिजे. त्या एका पानातून काही माहिती मिळते आणि खेळाडू ती वाया घालवतो आहे.

छावणीतली दीड वर्षे

मेरिलंड राज्यातल्या अॅबर्डीन इथे अमेरिकी लष्कराचे शस्त्रचाचणी केंद्र आहे. १९५० नंतरच्या काही वर्षांत तिथे रॉजर बाल्डविन, विल्बर्ट कँटी, हर्बर्ट मायसेल आणि जेम्स मॅकडरमॉट हे चौघे नोकरीला होते. चौघांनाही गणिताची पार्श्वभूमी होती. बराकीत पत्ते खेळताना बाल्डविनला कळले की लास व्हेगासच्या कॅसिनोत वाटणाऱ्याला १६ वर पान घेणे आणि १७ वर थांबणे सक्तीचे असते. घरगुती खेळात वाटणारा वाटेल ते करू शकतो. तिथे गणिताला जागा नव्हती, कारण समोरच्याच्या मनात काय आहे ते गणिताला कळत नाही. पण समोरचा ठरावीक नियमाने वागत असेल तर तो माणूस न राहता यंत्र होतो, आणि यंत्राचे गणित मांडता येते.

कँटीला कार्यालयातली गणनयंत्रे वापरता येत होती. चौघांनी फावल्या वेळात काम सुरू केले. कामाचा आवाका पाहा. खेळाडूच्या पहिल्या दोन पानांच्या किमतींच्या जोड्या ५५ प्रकारच्या होतात आणि वाटणाऱ्याचे उघडे पान १० प्रकारचे. म्हणजे सुरुवातीच्याच ५५० परिस्थिती. प्रत्येकीत थांबावे, घ्यावे, दुप्पट करावे की फोडावे, याची तुलना. प्रत्येक तुलनेपोटी वाटणाऱ्याला पुढे येऊ शकणाऱ्या पानांच्या असंख्य क्रमांचा हिशेब. यंत्रे बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार करणारी, खडखडणारी. सुमारे दीड वर्षे हे काम चालले. ‘एकवीस खेळण्याची इष्टतम रीत’ अशा अर्थाच्या शीर्षकाचा त्यांचा शोधनिबंध सप्टेंबर १९५६ मध्ये अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढच्या वर्षी त्यांनी सामान्य वाचकांसाठी छोटे पुस्तकही काढले.

त्यांच्या हिशेबाचा गाभा समजून घ्यायला एकच उदाहरण करून पाहू. फळ्यावर सहज मांडता येईल असे ते आहे.

खेळाडूकडे १६ आहेत (दश्शी आणि छक्की) आणि वाटणाऱ्याची सत्ती उघडी आहे. काय करावे? डावाला १०० गुण लावले आहेत असे धरू, आणि सोयीसाठी तेराही प्रकारची पाने येण्याची शक्यता सारखी मानू. सत्ती उघडी असताना वाटणारा शंभरातून सुमारे ३७ वेळा १७ वर, १४ वेळा १८ वर, ८ वेळा १९ वर, ८ वेळा २० वर, ७ वेळा २१ वर थांबतो आणि २६ वेळा बुडतो.

थांबलो तर? १६ वर आपण फक्त तो बुडला तरच जिंकतो. २६ वेळा जय, ७४ वेळा हार. सरासरी ४८ गुणांचा तोटा.

पान घेतले तर? तेरा प्रकारांपैकी छक्कीपासून राजापर्यंतच्या आठ प्रकारांत आपण बुडतो: आठ वेळा उणे १००, म्हणजे उणे ८००. उरलेल्या पाच प्रकारांत बेरीज १७ ते २१ होते. १७ झाले तर २६ वेळा जय, ३७ वेळा बरोबरी, ३७ वेळा हार, म्हणजे उणे ११. अशाच रीतीने १८ ला अधिक ४०, १९ ला अधिक ६२, २० ला अधिक ७८ आणि २१ ला अधिक ९३. यांची बेरीज अधिक २६२. एकूण उणे ५३८, त्याला १३ ने भागले की उणे ४१.

म्हणजे पान घेतले तर शंभरातून ६२ वेळा आपण जागीच बुडतो, आणि तरीही पान घेणेच योग्य! कारण तोटा ४८ ऐवजी ४१ होतो. दोन्ही पर्याय तोट्याचेच आहेत. त्यातला कमी तोट्याचा निवडायचा. अनुभवी जुगारी इथे हमखास चुकत. पान घेऊन बुडलो तर ते डोळ्यासमोर घडते आणि ‘मीच चूक केली’ असे वाटते. थांबून हरलो तर दोष वाटणाऱ्याच्या नशिबाला देता येतो. चार सैनिकांच्या कोष्टकाला मात्र वाईट वाटत नव्हते.

आता वाटणाऱ्याचे उघडे पान छक्की असेल तर? छक्कीवर तो शंभरातून सुमारे ४२ वेळा बुडतो, कारण १६ किंवा कमी बेरजेत अडकून त्याला सक्तीने पान घ्यावे लागते. अशा वेळी आपण १३ वर असलो तरी थांबायचे आणि धोका त्याला पत्करू द्यायचा. चौघांनी काढलेल्या रीतीचा सारांश असा:

वाटणाऱ्याचे उघडे पान २ ते ६ असेल तर १३ ते १६ वर थांबावे. १२ वर ४, ५, ६ समोर थांबावे. २ आणि ३ समोर पान घ्यावे.
उघडे पान ७ ते एक्का असेल तर १७ होईपर्यंत पान घ्यावे.
एक्का ११ धरून बेरीज १७ किंवा कमी येत असेल तर थांबू नये. बुडण्याची भीतीच नसते.
एक्क्यांची आणि अठ्ठ्यांची जोडी फोडावी. दहाची आणि पंजीची कधीही फोडू नये.
११ आले की रक्कम दुप्पट करावी; १० आले आणि समोर ९ किंवा कमी असेल तरीही.

या रीतीने खेळणाऱ्याचा तोटा त्यांनी ०.६२ टक्के काढला. साडेपाच टक्क्यांवरून थेट इथपर्यंत! पुढे संगणकांनी हे गणित पुन्हा केले तेव्हा त्या वेळच्या एका कॅटच्या खेळात तोटा याहूनही कमी, शून्याच्या जवळपास निघाला. चौघांना आकडेमोडीत काही ठिकाणी अंदाज करावे लागले होते. पण खेळण्याची जी रीत त्यांनी सांगितली, ती जवळजवळ तशीच टिकली. हातयंत्रांवर केलेल्या कामाचा हा नेटकेपणा आजही थक्क करतो. त्यांना कौतुक मिळायला मात्र फार वेळ लागला: या खेळाच्या जाणकारांच्या सन्मान-यादीत चौघांची नावे २००८ साली आली.

पत्त्यांना स्मरण असते

हा निबंध एडवर्ड थॉर्प या तरुण गणितज्ञाच्या हाती पडला. १९५८ च्या नाताळात तो लास व्हेगासला गेला, चौघांची रीत एका लहानशा कागदावर लिहून घेतली आणि दहा डॉलर घेऊन टेबलाशी बसला. साडेआठ डॉलर हरून तो उठला. पण परत आल्यावर निबंध पुन्हा वाचताना त्याला एक मोठी गोष्ट सुचली.

नाणे उडवले आणि पाच वेळा छापा आला, तरी सहाव्या वेळी छाप्याची संभाव्यता निम्मीच असते. नाण्याला मागचे आठवत नाही. फाशाला आणि रुलेटच्या चाकालाही नाही. या स्वतंत्र घटना. पण वाटलेली पाने बाजूला ठेवून उरलेल्या कॅटमधूनच पुढचा डाव वाटला, तर प्रत्येक गेलेले पान उरलेल्या पानांचे प्रमाण बदलते. चार एक्के खेळून झाले असतील तर सहज एकविसाची संभाव्यता शून्य. उलट १२ लहान पाने गेली आणि एक्के व दहाची पाने सगळी शिल्लक असली, तर तीच संभाव्यता २ × (४/४०) × (१६/३९), म्हणजे ४.८ वरून ८.२ टक्के होते. चौघांनी काढलेला तोटा हा भरलेल्या कॅटचा तोटा होता. उरलेल्या कॅटचा हिशेब केला तर कधी तोटा वाढेल आणि कधी चक्क फायदा होईल!

याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण ‘विमा’ नावाच्या उपडावात मिळते. वाटणाऱ्याचा एक्का उघडा असेल तर त्याचे पालथे पान दहाचे आहे यावर वेगळी रक्कम लावता येते. खरे ठरल्यास दुप्पट मिळते. नवा कॅट आहे, आपल्याकडे दहाचे पान नाही आणि तीन पाने दिसली आहेत असे धरा. न दिसलेली पाने ४९, त्यात दहाची १६, इतर ३३. एकेक रुपयाचा हिशेब: १६ × २ वजा ३३, म्हणजे उणे १. तोटा. आता आधीच्या डावांत १० लहान पाने गेलेली आहेत असे धरा. न दिसलेली ३९, दहाची १६, इतर २३. १६ × २ वजा २३, म्हणजे अधिक ९. तोच डाव, तोच नियम, आणि आता फायदा. स्वतंत्र आणि परावलंबी घटनांतला फरक शिकवायला याहून चांगले उदाहरण आम्हाला तरी माहीत नाही.

थॉर्प मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत शिकवायला गेला. तिथे आयबीएम ७०४ हा संगणक होता. फोरट्रान ही भाषा स्वतः शिकून त्याने प्रश्न विचारला: कॅटमधून एकेका किमतीची पाने काढून टाकली तर काय होते? उत्तर आले की सर्वांत मोठा परिणाम पंजीचा. चारही पंज्या गेल्या तर खेळाडूची बाजू तीन टक्क्यांहून अधिक फायद्याची होते. लहान पाने गेली की वाटणाऱ्याला त्याच्या सक्तीच्या पानावर बुडावे लागते. मोठी पाने उरली की सहज एकवीस दोघांनाही तितकेच येतात, पण दीडपट मिळते ती फक्त खेळाडूला.

हे निष्कर्ष नॅशनल अॅकॅडमी ऑफ सायन्सेसच्या नियतकालिकात छापायचे तर अॅकॅडमीच्या सदस्याने ते पाठवावे लागत. थॉर्प गेला क्लॉड शॅननकडे, माहिती-सिद्धान्ताच्या जनकाकडे. शॅननने बारकाईने उलटतपासणी केली आणि निबंधाच्या नावातला ‘जिंकण्याची रीत’ हा शब्द बदलून ‘अनुकूल रीत’ असा सौम्य करायला सांगितले. जानेवारी १९६१ मध्ये निबंध छापून आला. किती रक्कम लावावी यासाठी जॉन केली या अभियंत्याचे एक सूत्रही शॅननने त्याला दाखवले. तेही १९५६ सालचेच. मग दुसऱ्या कुणी दिलेल्या १० हजार डॉलरच्या भांडवलावर थॉर्पने नेवाडात जाऊन परीक्षा घेतली आणि ११ हजार डॉलर जिंकले. १९६२ साली आलेले त्याचे पुस्तक अमेरिकेत अफाट खपले.

कॅसिनो घाबरले. एप्रिल १९६४ मध्ये लास व्हेगासने खेळाचे नियम कडक केले. पण गिऱ्हाईकच फिरकेना, म्हणून काही आठवड्यांत ते मागे घेतले. मग लक्षात आले की पुस्तक वाचणारे पुष्कळ असले तरी गर्दीत, गोंगाटात, न चुकता मोजणारे फार थोडे. उलट ‘हा खेळ जिंकता येतो’ या बातमीने गिऱ्हाईक वाढले! पुढे कॅसिनोंनी एकाऐवजी सहा-आठ कॅट एकत्र केले, मधेच पिसायला सुरुवात केली, मोजणाऱ्यांना बाहेर काढले. १९८२ साली न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने तिथल्या कॅसिनोंना अशी मनाई करता येणार नाही, असा निकाल दिला. अलीकडे पुष्कळ टेबलांवर सहज एकविसाला दीडपटऐवजी ६ ला ५ असा दर असतो. फरक फक्त ०.३ चा, पण ०.३ × ४.६ म्हणजे जवळजवळ १.४ टक्के. दीड वर्षांच्या मेहनतीने चौघांनी जे मिळवले, त्यातला चांगलाच हिस्सा एका छोट्या पाटीने काढून घेतला.

कोण जिंकते?

चांगले नियम असलेल्या टेबलावर अचूक रीतीने, पण पाने न मोजता, खेळणाऱ्याचा तोटा साधारण अर्धा टक्का असतो. एवढासाच, असे कुणालाही वाटेल. आता तो डावांच्या संख्येबरोबर कसा वागतो ते पाहू. दर डावाला एक गुण लावला आहे. नशिबाची चढउतार, म्हणजे प्रमाण विचलन, एका डावाला सुमारे १.१ गुण असते आणि डावांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते.

१०० डावांत अपेक्षित तोटा अर्धा गुण. चढउतार ११ गुणांची. तोटा कुणाला जाणवणारही नाही. कुणी पाच-दहा गुण जिंकून घरी येईल आणि सांगत फिरेल. १०,००० डावांत तोटा ५०, चढउतार ११०. अजूनही नशीबवान सापडतील. १० लाख डावांत मात्र तोटा ५,००० आणि चढउतार फक्त १,१००. इथे जिंकलेला जवळजवळ सापडणारच नाही.

टेबलावर बसलेला माणूस शंभर डाव पाहतो, कॅसिनो दहा लाख डाव पाहतो. म्हणून एकाला नशीब दिसते आणि दुसऱ्याला निश्चिती. आणि हे अचूक खेळणाऱ्याबद्दल झाले. अंदाजाने खेळणारा याच्या कित्येक पट वेगाने हरतो. आज टेबल शोधत दूर जावे लागत नाही, खिशातल्या फोनवरचा खेळ रात्रीतून हजार डाव खेळवू शकतो. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने २०२५ साली केला. पण आपल्या वर्गातल्या मुलाला मोह होईल त्या वेळी कायदा त्याच्या शेजारी बसलेला नसेल. वर्गमुळाचा हा हिशेब त्याच्या डोक्यात असू शकतो.

वर्गात काय करता येईल?

एक खेळ सुचवतो. त्यात ना पैसे, ना पैज. १९६३ साली हार्वे डब्नर याने पाने मोजण्याची एक सोपी रीत मांडली: २ ते ६ ला अधिक १, ७ ते ९ ला शून्य, दहाची पाने आणि एक्का यांना उणे १. अधिकची पाने २०, उणेचीही २०. एक जोडी विद्यार्थ्यांनी पिसलेला कॅट एकेक पान उलटत बेरीज मोठ्याने म्हणत जावी. शेवटी उत्तर शून्यच यायला हवे. आले नाही तर चूक कुठे झाली ते शोधावे. सहावी-सातवीच्या मुलांना ऋण संख्यांचा सराव होतो. मधेच थांबवून ‘आता उरलेल्या पानांत मोठी जास्त की लहान?’ असे विचारले की परावलंबी संभाव्यता समोर उभी राहते. नंतर १६ आणि सत्तीचे कोष्टक फळ्यावर मांडा. आधी हात वर करून मत घ्या: थांबायचे की घ्यायचे? बहुतेक जण थांबायला सांगतील. मग गणित करू द्या.

कुणी विचारले, ‘सर, म्हणजे रीत शिकली की जिंकता येते का?’ तर उत्तर सरळ द्यावे. चार सैनिकांनी दीड वर्षे राबून जे शोधले ती जिंकण्याची रीत नव्हती. कमीत कमी हरण्याची होती. त्यांनी ते प्रामाणिकपणे आकड्यात लिहिले: उणे ०.६२. ऋण चिन्ह लपवले नाही. जुगाराच्या जाहिरातीत हे चिन्ह कधी दिसत नाही. आपल्या मुलांना ते शोधून काढता आले, तर पत्त्यांचा कॅट शाळेत आणल्याबद्दल कुणाची माफी मागायची गरज उरणार नाही.